दिवाळी कॅम्प, ‘इंटरनॅशनल कोच’ आणि आपले सर : सांगलीतल्या एका टर्फचा रिव्ह्यू

आधीच सांगून टाकतो, टर्फचं नाव लिहिणार नाहीये. मालक ओळखीचे आहेत, त्यांच्या कॅम्पचा फ्लेक्स आमच्याच प्रेसमध्ये छापलाय आणि त्याचं बिल अजून पूर्ण यायचंय, नाव लिहिलं तर तेही गेलं. शंभर फुटी रोडच्या आसपास कुठंतरी, एवढंच समजा. स्टार द्यायचे तर पाचपैकी तीन. त्यातले अडीच आमच्या जुन्या सरांचे. उरलेला अर्धा कुणाचा ते पुढं येईल.

टर्फबद्दल पहिल्यांदा लिहितो, कारण रिव्ह्यू म्हणून उघडलं असेल तर लोकांना तेच हवं असतंय. गवत (म्हणजे प्लास्टिकचं) बऱ्यापैकी चांगलं आहे, पण गोलच्या तोंडाशी पार टक्कल पडलंय आणि तिथं आमची पोरगी दोनदा घसरून गुडघा सोलून आलीय. ते काळे रबराचे दाणे बुटात, मोज्यात, गाडीत, तिथनं घरात आणि एकदा तर कणकेच्या परातीत सापडले, त्या दिवशी मिसेसनी फुटबॉलचाच निकाल लावायचं ठरवलं होतं. लाईट झकास. जाळी एका बाजूनं फाटलीय, बॉल पलीकडच्या प्लॉटमधल्या काट्यात जातो आणि मग दहा मिनिटं सगळी बॅच बॉल हुडकत बसते. प्यायच्या पाण्याचा कूलर आहे, पेला नाही. टॉयलेटला आतनं कडी नाही, मुलींच्या आईबापांनी हे ध्यानात ठेवा, मी तीनदा सांगून झालंय. पार्किंग म्हणजे रस्त्याची कड, आणि आता कारखाने सुरू झाल्यावर उसाच्या ट्रॉल्या जायला लागल्या की संध्याकाळी सहाला पोरं गाडीतनं उतरवताना जीव मुठीत. बाहेरचा चहाचा गाडा मात्र पाचपैकी पाच, आल्याचा कटिंग दहा रुपये, आणि पुढं जी काही चर्चा लिहिलीय ती सगळी त्या गाड्यासमोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर झालेली आहे.

रेग्युलर बॅच आठवड्याला चार दिवस, महिना १२०० रुपये. घेतात आमचे सर. मिरजेचे आहेत, तरुणपणी कोल्हापूरला पेठेच्या टीमकडनं शाहू स्टेडियमवर खेळलेत, ज्यांनी तिथली मॅच बघितलीय त्यांना सांगायला नको ती काय चीज असते, अख्खी पेठ गच्चीवर आणि भिंतीवर. गुडघा गेला तेव्हापासनं शिकवतात. एआयएफएफचं, म्हणजे देशाच्या फुटबॉल फेडरेशनचं, कोचिंगचं डी लायसन्स काढलंय स्वतःच्या पैशानं. आवाज असा की विश्रामबागच्या फाटकाला ऐकू जावा. पोरं घाबरतात पण त्यांच्याशिवाय ऐकत पण नाहीत कुणाचं. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात तसं, सरांचा फोटो आजपर्यंत टर्फच्या एकाही बोर्डावर आलेला नाही.

आणि मग दिवाळीच्या आधी मालक पेन ड्राईव्ह घेऊन आले. दहा बाय सहाचा फ्लेक्स. ‘सांगलीत प्रथमच! इंटरनॅशनल कोच! २१ दिवस!’ स्पेनचा एक पोरगा, वय असेल सत्तावीस-अठ्ठावीस, गोव्यात कुठल्यातरी अकॅडमीत आला होता, तिथनं ह्यांनी ठरवून आणला. फी ६५०० रुपये, किट धरून. मी म्हटलं सरांचं नाव कुठं टाकायचं, तर म्हणाले खाली ‘सहाय्यक’ म्हणून टाका बारक्यात. टाकलं. आता वाईट वाटतंय पण त्या वेळी मीपण ६५०० भरायच्याच तयारीत होतो, पोरगी अकरा वर्षांची आहे, स्पेनचा कोच म्हटल्यावर आपणच आधी हुरळतो.

भाऊबीज झाली आणि कॅम्प सुरू झाला. पहिल्याच दिवशी एक तास उशीर, पण ती चूक स्पेनची नाही, त्याला आणायला गेलेली गाडी अंकलीला अडकली होती. आला, सगळ्या पोरांशी हात मिळवला, सरांशी पण. आणि मग जे चालू झालं ते बघायला खरंच मजा होती. तो इंग्रजीत सांगणार, त्याचं इंग्रजी तोडकं, सर ते मराठीत करणार, सरांचं इंग्रजी त्याहून तोडकं. तो ओरडतोय ‘प्रेस! प्रेस!’ आणि मी खुर्चीतनं ताडकन उठलो, मला वाटलं दुकानाबद्दल काहीतरी. एका बारक्याला वाटलं कपडे इस्त्री करायचेत. सरांनी एका वाक्यात मिटवलं, ‘बॉल गेला की रडत बसू नका रे, ज्यानं घेतलाय त्याच्या अंगावर जावा!’ स्पॅनिश पोरगा बघतच बसला, त्याची पाच मिनिटांची थिअरी चार सेकंदात पोरांच्या डोक्यात गेली होती.

पण श्रेय द्यायचं तिथं देतो. एक गोष्ट त्यानं तिसऱ्या दिवशी पकडली जी सरांना आणि आम्हा कुणालाच दोन वर्षांत दिसली नव्हती. आपली बारकी पोरं मोठ्यांना नावानं हाक मारत नाहीत. ‘दादा, इकडं द्या ना’, ‘ताई, मी मोकळी आहे’. एवढं म्हणेपर्यंत बॉल गेलेला असतो. आणि दुसरं म्हणजे बारक्याकडं बॉल आला की तो गुमान दादाकडं देतो, भले समोर गोल मोकळा असू दे. त्यानं सरांना विचारलं हे ‘दादा’ कोण आहे, सगळ्यांचं नाव एकच कसं. सर हसून हसून खाली बसले. दुसऱ्या दिवसापासनं नियम, ग्राउंडवर दादा-ताई बंद, नुसतं नाव, आणि नाव आठवलं नाही तर ‘ए!’. दोन आयांनी तक्रार केली की संस्कार बिघडतील. आमची पोरगी नववीतल्या पोराला ‘ए सोड की लवकर!’ म्हणून ओरडली तेव्हा मी चहा सांडला.

तिथं शेजारी बसलेले बँकेतले साहेब म्हणाले, हे तर हिडिंकचं आहे. त्यांना फुटबॉलचं सगळं पाठ असतंय, रात्री जागून बघणारा माणूस. २००२ च्या वर्ल्डकपआधी दक्षिण कोरियानं डच कोच आणला गुस हिडिंक, आणि त्यानं तिथं हेच केलं म्हणे, कोरियातपण वयानं मोठ्याला मान देऊन बोलायची पद्धत आपल्यासारखीच, त्यानं ग्राउंडवर ते बंद पाडलं, जेवायला बारकी आणि सिनियर एका टेबलावर बसवली. टीम सेमीफायनलला गेली, चौथी आली. कोरियाच्या माणसाला हे सुचलं असतं का, आणि सुचलं असतं तरी सांगायची छाती झाली असती का, असा साहेबांचा मुद्दा. परक्या माणसाला घरातल्या खोडी दिसतात कारण त्याला त्या खोडी आहेत हेच माहीत नसतंय, त्याला ते सरळ चूक दिसतंय. म्हणून ते म्हणतात नॅशनल टीमला कोच फॉरेनचाच पाहिजे, आणि आपल्याच खालिद जमीलला नेमला ही कंजूषी आहे.

आता इथं थोडं मागचं सांगायला लागतंय, कारण ह्या खुर्च्यांवर तीन आठवडे हाच विषय चालू होता. आपला कॅम्प सुरू व्हायच्या आधी, १४ ऑक्टोबर २०२५ ला, गोव्यात फातोर्ड्याला भारत सिंगापूरकडनं १-२ हरला आणि २०२७ च्या एशियन कपचा दरवाजा बंद झाला. कोच खालिद जमील, ऑगस्टमध्येच आलेला, कितीतरी वर्षांनी पहिला भारतीय हेड कोच. त्याच्या आधी स्पेनचा मानोलो मार्केझ, जो एकाच वेळी एफसी गोवा पण सांभाळत होता आणि नॅशनल टीम पण, म्हणजे सकाळी एका दुकानात नोकरी आणि संध्याकाळी दुसऱ्या, आठ मॅचमध्ये एक जिंकली, तीपण मालदीवशी. त्याच्या आधी क्रोएशियाचा स्टिमाच पाच वर्षं. त्याच्या आधी इंग्लंडचा कॉन्स्टंटाईन. मानोलो गेल्यावर जाहिरात दिली तर १७० अर्ज आले आणि त्यात झावीचं नाव, बार्सिलोनाचा झावी! दोन दिवस पेपरात तेच, आणि मग फेडरेशननं सांगितलं की तो मेल खोटा होता, झावीचा पण आणि ग्वार्डिओलाचा पण. आमच्या प्रेसमध्ये साधी लग्नपत्रिका आली तरी आम्ही फोन करून नाव कन्फर्म करतो हो.

साहेबांच्या विरुद्ध पार्टी म्हणजे मिरजेचे एक आजोबा, एसटीतनं रिटायर झालेले, नातवाला सोडायला येतात. त्यांचा एकच हुकमाचा पत्ता, आणि तो खरा पण आहे. १९३० पासनं २०२२ पर्यंत २२ वर्ल्डकप झाले, एकसुद्धा परदेशी कोचनं जिंकलेला नाही. फायनलपर्यंत गेले, १९५८ ला स्वीडनचा कोच इंग्रज होता, १९७८ ला हॉलंडचा ऑस्ट्रियन, दोघंही हरले. साहेब म्हणाले आजोबा आपल्याला वर्ल्डकप जिंकायचा नाहीये, आपल्याला बांगलादेशाला हरवायचंय. (हे ऑक्टोबरातलं वाक्य आहे. पुढं काय झालं ते खाली येईलच.)

मग आजोबांनी रहीमसाहेब काढले. सय्यद अब्दुल रहीम, हैदराबादचे, पेशानं शाळामास्तर. १९५१ ला दिल्लीत एशियाडचं गोल्ड, १९५६ ला मेलबर्न ऑलिंपिकला चौथा नंबर, त्यात नेव्हिल डिसूझाची ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक, आणि १९६२ ला जकार्तात पुन्हा गोल्ड, फायनलला दक्षिण कोरियाला २-१ नं हरवून. कॅन्सर अंगावर घेऊन ते जकार्ताला गेले होते, पुढच्या वर्षी वारले. त्यानंतर आजतागायत एशियाडचं फुटबॉलचं गोल्ड नाही. आपल्याकडं जे काय सोनं आलं ते मास्तरनं आणलं, फॉरेनरनं नाही, असं आजोबा म्हणतात आणि चहाचा कप खाली ठेवतात, विषय संपल्यासारखा.

मला ह्यातली सगळ्यात भारी गोष्ट गोल्ड वाटत नाही. १९५२ वाटते. हेलसिंकी ऑलिंपिकला ह्याच रहीमसाहेबांची टीम युगोस्लाव्हियाकडनं दहा-एक हरली. दहा-एक! आमची बॅच पण कुणाकडनं दहा-एक हरली नाही अजून. आणि रहीमसाहेबांना ठेवलं. काढलं नाही. चार वर्षांनी तोच माणूस ऑलिंपिकच्या सेमीफायनलला टीम घेऊन गेला. आज दहा-एक हरला तर कोच विमानतळावर उतरायच्या आत नवीन जाहिरात निघेल. हिडिंकचं पण तसंच, वर्ल्डकपच्या आधी कोरिया फ्रान्सकडनं पाच-शून्य, चेककडनं पाच-शून्य हरली होती, तिथले लोक त्याला ‘पाच-शून्य’ म्हणूनच हाक मारायचे. त्यांनी दात-ओठ खाल्ले पण थांबले. म्हणजे पासपोर्ट कुठला ह्याच्या आधी तुम्ही किती थांबणार हे ठरवायला पाहिजे, आणि ते कधी ठरत नाही.

आणि त्याच हेलसिंकीत, त्याच १९५२ ला, आपल्या इथल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत ब्रॉंझ आणलं. हे मी आजोबांना सांगितलं तर ते म्हणाले मला शिकवू नकोस, मी मारुती मानेंची कुस्ती बघितलीय. बरं. पण खाशाबांची गोष्ट दोन्ही पार्ट्यांना अडचणीची आहे बघा. पाया लाल मातीतला, घरातच आखाडा, वडील पैलवान. लढत मात्र मॅटवर. १९४८ ला लंडनला जाताना रीस गार्डनर नावाच्या परदेशी कोचनं त्यांना तयार केलं, तिथं सहावे आले. चार वर्षांनी मेडल. गार्डनरनं पैलवान घडवला नाही, पैलवान गावच्या तालमीत घडला होता, त्यानं मॅट दाखवली. आता मॅट दाखवणारा नको असं म्हणायचं का, आणि नुसत्या मॅटवाल्यानं मेडल आणलं असंही म्हणायचं का. सांगलीचंच घ्यायचं तर विजय हजारे इथं जन्मले, आणि संस्थानिकांच्या जमान्यात त्यांना शिकवायला ऑस्ट्रेलियाचे क्लॅरी ग्रिमेट लाभले. म्हणजे फॉरेन कोच हा प्रकार सांगलीला फ्लेक्सवर छापलाय तसा ‘प्रथमच’ वगैरे अजिबात नाही. हे आधी सुचलं असतं तर छापताना सांगितलं असतं.

कॅम्प मध्यावर आला आणि २ नोव्हेंबरची ती रात्र आली, बायकांच्या क्रिकेट वर्ल्डकपची फायनल. सांगलीत त्या रात्री काय झालं ते सांगायला नको, स्मृती मानधना आपली, माधवनगरची. दुसऱ्या दिवशी टर्फवर अर्ध्या पोरी बॅट घेऊनच आल्या, स्पॅनिश कोच हताश. आणि आजोबांना आयतंच मिळालं. कोच कोण, अमोल मुजुमदार. मुंबईचा, रणजीत हजारो रन केले आणि भारताकडनं एक मॅच खेळायला मिळाली नाही. त्यानं वर्ल्डकप आणला. कशाला पाहिजे फॉरेनर? साहेब म्हणाले मग २०११ चा गॅरी कर्स्टन? हॉकीचं टोकियोचं मेडल ग्रॅहम रीड, पॅरिसचं क्रेग फुल्टन, ते कुठले? आजोबा म्हणाले आणि चॅपेल? ह्याच्यावर साहेब गप्प बसले, चॅपेलचं नाव काढलं की महाराष्ट्रात कुठलीही चर्चा थांबते.

माझं म्हणणं असं की क्रिकेटचं उदाहरण फुटबॉलला लावूच नये. क्रिकेटमध्ये गल्लीत पोरगा तयार होतोय, कोच वरनं फक्त पॉलिश मारतो. फुटबॉलमध्ये खाली काय आहे? २०२५-२६ ची आयएसएल, म्हणजे देशातली वरची क्लब लीग, वेळेवर सुरूच झाली नाही, कॉन्ट्रॅक्टच्या भांडणात अडकली, प्लेअर घरी बसून होते. सुनील छेत्री जून २०२४ ला रिटायर झाला आणि मार्च २०२५ ला चाळिशीत परत बोलवावा लागला कारण गोल मारायला दुसरा कोण नाही, क्लबवाले स्ट्रायकर बाहेरनं आणतात. त्यात कुठलाही कोच आणा. २०१७ ला अंडर-१७ वर्ल्डकप आपल्याकडं झाला, त्यात आपल्या शेजारचा कोल्हापूरचा अनिकेत जाधव खेळला, केवढा अभिमान वाटला होता. आधी जर्मन कोच, त्याला मध्येच काढला, मग पोर्तुगीज आणला. तिन्ही मॅच हरलो, एक गोल झाला, जॅक्सन सिंगचा, कोलंबियाला. पोरं चांगली खेळली असं सगळ्यांनी म्हटलं आणि गेले घरी. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्यांना कोच बदलणं सोपं वाटतंय कारण ते एका प्रेस नोटमध्ये होतंय, ग्राउंड आणि लीग प्रेस नोटमध्ये होत नाही.

तरी फॉरेनवाल्यांनी काहीच केलं नाही असं पण नाही, हे आजोबांना पटत नाही पण आकडे आहेत. इंग्लंडच्या बॉब हॉटननं २००७ आणि २००९ ला नेहरू कप जिंकला, २००८ चा चॅलेंज कप जिंकला, आणि २०११ ला सत्तावीस वर्षांनी एशियन कपला नेलं. कॉन्स्टंटाईन २०१५ ला आला, त्या मार्चला भारताची फिफा रँक १७३, २०१७ ला ९६. जानेवारी २०१९ ला एशियन कपमध्ये थायलंडला ४-१ नं हाणलं ती मॅच मी दुकानात मशीन बंद ठेवून बघितलेली. आणि मग बहरीनविरुद्ध शेवटच्या मिनिटांत पेनल्टीवर गोल खाल्ला, स्पर्धेतनं बाहेर, त्याच रात्री त्याचा राजीनामा. स्टिमाचनं सप्टेंबर २०१९ ला कतारला कतारमध्ये शून्य-शून्यवर रोखलं, २०२३ ला तीन कप जिंकले. मग २०२४ च्या एशियन कपला तीन मॅच, शून्य गोल, नंतर गुवाहाटीत अफगाणिस्तानकडनं हार, आणि जूनमध्ये त्याला काढला. कॉन्ट्रॅक्ट २०२६ पर्यंत होतं, तर सेटलमेंट ४ लाख डॉलर. तीन कोटींच्या वर, न शिकवायचे. जुलै २०२५ पर्यंत रँक १३३. म्हणजे चढलो ते पण फॉरेनरच्या हाताखाली आणि उतरलो ते पण. प्रत्येक जण आला, त्याच्या परीनं काहीतरी उभं केलं, गेला, आणि जाताना सगळं सुटकेसमध्ये भरून घेऊन गेला. मागं वही ठेवली नाही कुणाच्या हातात.

वहीवरनं आठवलं. आमचा इंटरनॅशनल कोच चौदाव्या दिवशी गेला. एकविसाव्या नाही, चौदाव्या. गोव्यातनं फोन आला, तिथली बॅच सुरू होत होती. मालक म्हणाले उरलेले सात दिवस सर घेतील. ठीक. मी विचारलं मग पैसे? एकविसातले सात दिवस म्हणजे एक तृतीयांश, ६५०० चे झाले दोन हजार एकशे काहीतरी. म्हणाले पुढच्या महिन्यात ‘अ‍ॅडजस्ट’ करू. पुढचा महिना संपत आला, अ‍ॅडजस्ट काय झालं नाही. स्टिमाचला न शिकवल्याचे तीन कोटी मिळाले, आम्हाला न शिकवलेल्याचे दोन हजार मिळेनात. किटचा नंबर पहिल्या धुण्यात निघाला हे जाता जाता. (आमच्याकडं छापलेलं नव्हतं.)

पण मला धक्का वेगळाच बसला. पंधराव्या दिवशी मला वाटलं सर परत जुनं चालू करणार, दहा राऊंड मारा आणि मॅच. तर सर आले, खिशातनं शंभर पानी वही काढली. चौदा दिवस त्यांनी सगळं उतरवून घेतलं होतं, मराठीत, बाणांच्या आकृत्या काढून. दादा-ताई बंदी तशीच. चार पोरं रिंगण करून आणि दोन मध्ये, ते एक-टच पासिंगचं, त्याला सरांनी नाव दिलं होतं ‘डबा ऐसपैस’, पोरांना लगेच कळलं. आणि स्पॅनिशला न जमलेली एक गोष्ट वाढवली होती, जो पोरगा चुकेल त्याच्यावर ओरडायचं नाही, हे तो सांगायचा पण पोरांना ते खरं वाटायचं नाही, सर स्वतः ओरडायचे थांबले तेव्हा खरं वाटलं. आमचे सर ओरडायचे थांबले हे मिरजेत सांगितलं तर लोक तब्येत विचारायला येतील. ते सात दिवस कॅम्पमधले सगळ्यात चांगले होते, हे मी नाही पोरगी म्हणते. सुरुवातीला लिहिलेला तो अर्धा स्टार स्पेनच्या पोराचा, पूर्ण दिला असता पण सात दिवस कमी.

मला जे म्हणायचंय ते हेच आहे, आणि साहेबांना आइसलँड आवडतंय म्हणून त्यांच्याच भाषेत सांगितलं. २०१६ च्या युरोत आइसलँडनं इंग्लंडला हरवलं, तेव्हा त्यांची लोकसंख्या सव्वातीन लाखाच्या आसपास, आपली सांगली-मिरज-कुपवाड महापालिकाच २०११ ला पाच लाखांच्या वर होती. कोच स्वीडनचा, लार्स लागरबॅक. पण त्याच्या शेजारी आधी हाताखाली आणि मग बरोबरीनं बसायचा त्यांच्याच गावचा हेमिर हालग्रिमसन, पेशानं दातांचा डॉक्टर. स्वीडनवाला २०१६ ला गेला, डॉक्टर राहिला, आणि २०१८ ला त्यानं आइसलँडला वर्ल्डकपला नेलं, अर्जेंटिनाशी १-१. फॉरेन कोच आणायचा तर असा आणा, शेजारी आपला माणूस बसवून, पहिल्या दिवसापासनं ठरवून की चार वर्षांनी हा हातात घेणार. जपानचं बघा, त्यांचे चारही एशियन कप परदेशी कोचनं जिंकलेत, हॉलंडचा, फ्रान्सचा, ब्राझीलचा, इटलीचा, आणि २०२२ च्या वर्ल्डकपला जर्मनी आणि स्पेनला हरवताना बाकावर त्यांचा स्वतःचा मोरियासू. पोहायला शिकले आणि मग हात सोडला. आपण पन्नास वर्षं नुसते हात बदलतोय.

साहेब म्हणाले मग खालिद बरोबर की चूक? मी म्हटलं खालिदला नेमलं त्यात चूक नाही, मिझोरामच्या आयझॉलसारख्या बारक्या क्लबला २०१७ ला आय-लीग, देशातली क्लब लीग, जिंकून देणारा माणूस आहे, आल्या आल्या मध्य आशियातल्या काफा कपमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून तिसरा नंबर आणला. चूक असेल तर ही की त्याला पडकं घर दिलंय आणि पाऊस आला की त्यालाच विचारणार छत का गळतंय.

आणि पाऊस आलाच. १८ नोव्हेंबर, ढाका, बांगलादेश १, भारत शून्य. २२ वर्षांनी त्यांच्याकडनं हरलो. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी की कुरासाओ २०२६ च्या वर्ल्डकपला पोचलं, दीड लाखाचं बेट, म्हणजे आपल्या साताऱ्याएवढं धरा, कोच हॉलंडचा डिक अ‍ॅडव्होकाट, वय ७८. साहेबांनी ग्रुपवर टाकलं, बघा, फॉरेनर. पाच मिनिटांत आजोबांच्या नातवानं आजोबांच्या नावानं टाकलं, केप व्हर्दे पण पोचलं ऑक्टोबरात, पाच-सव्वापाच लाख लोक, कोच त्यांचाच, बुबिस्टा. दोघंही बरोबर. संध्याकाळी खुर्च्यांवर दोघं एकमेकांशी बोलत नव्हते, चहा मात्र साहेबांनीच सांगितला आजोबांचा.

तर टर्फचा निकाल. रेग्युलर बॅच, सर असतील तर डोळे झाकून घाला. सर नसतील तर आधी फोन करा. कॅम्पला पैसे भरताना किती दिवस ते लिहून घ्या, पावती घ्या, पाण्याची बाटली आणि कडीला बांधायला सुतळी घरनं न्या. मुलींसाठी वातावरण चांगलं आहे, सात-आठ मुली आहेत, वाढतायत.

परवा मालक पुन्हा प्रेसवर आले. मे महिन्याचा कॅम्प, ह्या वेळी ब्राझील म्हणे. मी म्हटलं आधी दिवाळीच्या फ्लेक्सचं बिल. अर्धं दिलं, जीपेवर, माझ्यासमोर. मग मी डिझाईन लावून दाखवलं, डावीकडं ब्राझीलवाल्याची जागा, उजवीकडं तेवढ्याच साईजमध्ये आमचे सर, शाहू स्टेडियमवरचा जुना फोटो मागवून घेतला होता मी, केस पण होते तेव्हा. मालक म्हणाले हे बारीक करा आणि खाली घ्या. मी म्हटलं बारीक केलं तर फाटतोय फोटो, जुना आहे. (फाटत नाही, मोठा केला की फाटतो, पण त्यांना काय कळतंय.) विचार करून सांगतो म्हणून गेले. फाईल तशीच सेव्ह करून ठेवलीय.